खवाशापर्यंत जंगलच आहे

माझं आजोळ सिवनीचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून बसने निघायचं. मनसर मागे पडलं की मामा म्हणायचे, "झोपा आता, खवाशापर्यंत जंगलच आहे." झोप कसली लागतेय! रस्ता असा होता की डोकं खिडकीवर आपटायचं. वाराणसी ते कन्याकुमारी असा तो राष्ट्रीय महामार्ग ७. २०१० च्या नव्या क्रमांकांत त्याचा हा भाग ४४ मध्ये गेला.

मोठेपणी याच रस्त्याच्या चौपदरीकरणाचे सरकारी कागद वाचायला घेतले. कंटाळवाणे असतात, आधीच सांगते. वनजमीन मागायच्या अर्जात झाडांची मोजणी जातीनुसार आणि जाडीनुसार द्यावी लागते. साग किती, ऐन किती, कुठल्या जाडीचे. जनावरांच्या वाटेबद्दल मात्र विचारतात ते साधारण इतकंच: ही जागा अभयारण्यात, कॉरिडॉरमध्ये येते का? हो किंवा नाही. झाड जागेवर उभं असतं, मोजता येतं. रात्री दोन वाजता रस्ता ओलांडणारी वाघीण कुठल्या रकान्यात भरणार?

पेंचच्या बाबतीत ती भरावी लागली, कारण वाद झाला. हा रस्ता पेंच आणि कान्हा यांच्यामधल्या जंगलाला कापत जातो. खड्ड्यांनी हैराण झालेल्यांना रुंद रस्ता हवा होता, वन्यजीवांसाठी झगडणाऱ्यांना ही वाट वाचवायची होती. माझे मामा पहिल्या गटातले, आणि त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने उपाय सुचवले. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी उचलला गेला. सगळ्यात छोटा मार्ग ५० मीटरचा, सगळ्यात मोठा ७५० मीटरचा. गाड्या वरून, जनावरं खालून.

मग २०१९ मध्ये संस्थेने या पुलांखाली कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबरमध्ये १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. चितळ आणि रानडुकरं सर्वाधिक. वाघाचे फोटो ८९, आणि पट्ट्यांवरून ओळख पटवली तेव्हा ते ११ वेगवेगळे वाघ निघाले. महामार्गाच्या कागदांत वाघ एकेक करून मोजलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्या रात्री अहवाल बंदच करवेना.

पण हे कागद तयार होतात कधी, तेही बघा. २००६ च्या अधिसूचनेत ३० किलोमीटरपेक्षा लांब आणि २० मीटरहून जास्त वाढीव रुंदी लागणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या विस्ताराला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागे. ऑगस्ट २०१३ मध्ये ही मर्यादा १०० किलोमीटर आणि ४० मीटरवर नेली. वनजमिनीची परवानगी वेगळी, ती राहिलीच. पण ९० किलोमीटरचा रस्ता शेतांमधून, नाल्यांवरून, वडाच्या रांगा तोडत जाणार असेल, तर त्याला पर्यावरण मंजुरीची गरज नाही. म्हणजे त्यासाठीचा आघात अहवाल नाही, जनसुनावणीचं इतिवृत्तही नाही. पन्नास वर्षांनी कुणी शोधायला बसलं तर हाती काय लागेल? निविदा आणि बिलं.

मागच्या दिवाळीत आईला घेऊन सिवनीला गेले. लांब पुलावर गाडी अगदी गुळगुळीत चालली होती. कडेच्या उंच भिंतींमुळे जंगल दिसत नव्हतं. आई मनसरलाच झोपली होती. खवासा आल्यावर तिला उठवलं, तर म्हणाली, "जंगल गेलं का?"