कसारा घाटातली व्हॅक्यूमची नळी

गाडी घाटात चढवणे हे इंजिनाचे काम, उतरवणे ब्रेकचे. शहापूर तालुक्यातल्या रेल्वेचा इतिहास सांगताना कौतुक होते ते पहिल्याच कामाचे. १ जानेवारी १८६१ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा मार्ग कसाऱ्यापर्यंत आला आणि पुढचा थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, फोडून इगतपुरी गाठायला आणखी चार वर्षे लागली. ३७ फुटांमागे १ फूट असा चढ, एकामागून एक बोगदे, दऱ्यांवरचे पूल, मध्येच गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन. पण तीच गाडी इगतपुरीहून सुखरूप खाली कशी आणायची, हा प्रश्नही तितकाच अवघड होता. त्याचे उत्तर पुढे दोन डब्यांमधल्या रबरी नळ्यांनी दिले.

सुरुवातीच्या काळात हाताने आवळायचे ब्रेक असत, तेही इंजिनावर आणि ब्रेकव्हॅनमध्ये. ड्रायव्हरने शिटी द्यायची आणि मागच्या माणसाने चाक फिरवायचे. व्हॅक्यूम ब्रेकने सारी गाडी एका नळीला बांधली. मात्र त्याच्या पहिल्या, साध्या रूपात एक जीवघेणी खोट होती. ब्रेक लावण्यासाठी नळीतली हवा शोषावी लागे. म्हणजे नळी सुटली की ब्रेकही गेला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीची एक गाडी चढावर अडली. तिचे दोन भाग करून पुढचा आधी वर न्यायचे ठरले. नळी सोडली आणि मागच्या डब्यांना व्हॅक्यूमचा आधार राहिला नाही. ते उतारावरून घरंगळत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला.

स्वयंचलित व्हॅक्यूम ब्रेकमध्ये सगळा हिशेब उलटा. इंजिन हवा शोषत राहते तोवर ब्रेक सुटलेले राहतात, आणि बाहेरची हवा आत शिरली की ते लागतात. नळी फाटो, गाडी तुटो, कुणी साखळी ओढो; गाडी थांबतेच. भारतात हा ब्रेक अनेक दशके चालला. इंजिनाजवळ ५३ सेंटिमीटर व्हॅक्यूम धरत. शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत तो थोडा उतरलेला असे, कारण प्रत्येक सांध्यात जराशी गळती. नळीच्या तोंडातला वॉशर झिजला की गळती वाढे. शेवटच्या डब्याची मोकळी नळी तोंड बंद करणाऱ्या ‘डमी’वर बसवावी लागे, ती तशीच लोंबकळत राहिली तर व्हॅक्यूम तयारच होत नसे. जोडणी चुकली की गाडी जागची हलत नसे, हे या ब्रेकचे खरे मोठेपण.

निघण्याआधी परीक्षा ठरलेली. ड्रायव्हर व्हॅक्यूम तयार करी आणि गार्ड आपल्या व्हॅनमधला काटा बघे. मग गार्ड झडप उघडून व्हॅक्यूम पाडी, तेव्हा इंजिनातला काटा खाली यायला हवा. एवढे झाले की नळी टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे, याची खात्री पटे.

१९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत वीज आली आणि वाफेचे इंजिन मागे पडले, तरी नळी तीच राहिली. कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिने लागताना बसणारा धक्का नाशिककडे जाणाऱ्या शहापूरकरांच्या चांगला ओळखीचा. १९८० च्या दशकापासून मात्र हवेच्या दाबाचा ब्रेक सर्वत्र येऊ लागला. व्हॅक्यूमला वातावरणाच्या दाबाची मर्यादा. हवेच्या ब्रेकच्या नळीत मात्र दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब, म्हणून ताकद जास्त आणि लांब मालगाड्याही आटोक्यात. पण या नळीला डब्याच्या टोकाशी बंद करता येणारा कॉक असतो. मधला एखादा कॉक चुकून बंद राहिला, तर त्याच्या मागचे डबे ड्रायव्हरच्या हाताबाहेर जातात. २७ जून १९८८ रोजी पॅरिसच्या गार द लियों स्थानकात ५६ माणसे मेली, ती अशाच बंद कॉकमुळे.

शेजारच्या मुरबाडला रेल्वे नाही. तिथला घाट माळशेजचा, आणि तो मोटारींचा. मोटारीत पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरलाही बहुधा व्हॅक्यूमच लागतो, पण इथली रीत रेल्वेच्या उलट. नळी निसटली तर गाडी आपोआप थांबत नाही. पेडल दगडासारखे कडक होते आणि थांबवायला पायाचा कितीतरी जास्त जोर लागतो. पेट्रोल गाडीला मागाहून टर्बो बसवला तर भानगड वाढते. इंजिनाच्या ज्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो, तिथेच ॲक्सिलरेटर दाबल्यावर उलट दाब तयार होतो. म्हणून बूस्टरच्या नळीत वन-वे व्हॉल्व्ह योग्य दिशेने बसलेला हवा, नळी दाबाने फुगणारी नको आणि दोन्ही टोकांना क्लिप घट्ट हवी. डिझेल गाडीत व्हॅक्यूम बहुधा वेगळ्या पंपातून येतो, तिथे त्या पंपाची नळी तपासावी.

गार्डच्या परीक्षेसारखी एक परीक्षा मोटारीलाही घेता येते. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. नाही गेले, तर नळ्या पाहिल्याशिवाय माळशेज उतरू नका.