निरक्षराची स्वाक्षरी : जो जॅक्सनच्या सहीचे प्रामाण्य व मोल

ऐतिहासिक कागदाची परीक्षा करताना लेखनाचा ओघ हा अस्सलपणाचा एक प्रमुख निकष मानला जातो. स्वतःचे नाव लिहिणाऱ्याचा हात सवयीने चालतो. दुसऱ्याच्या सहीची नक्कल करणाऱ्याचा हात अडखळतो, मध्येच थांबतो, कंप पावतो. अमेरिकन बेसबॉलपटू जोसेफ जेफरसन जॅक्सन याच्या स्वाक्षरीच्या बाबतीत मात्र हा निकष उलटा लावावा लागतो. म्हणूनच या सहीचा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांपुरता राहत नाही. कागदावरील नाव नेमके काय सिद्ध करते, या मूलभूत प्रश्नाशी तो येऊन भिडतो.

दक्षिण कॅरोलायना राज्यात जन्मलेला जॅक्सन लहानपणीच ग्रीनव्हिल येथील कापडगिरणीत कामास लागला. शाळा त्याच्या वाट्यास आली नाही. पुढे 'शूलेस जो' या नावाने तो विख्यात झाला. त्याची कारकिर्दीतील .३५६ ही फलंदाजीची सरासरी बेसबॉलच्या इतिहासातील सर्वोच्च सरासरींत गणली जाते. १९०८ मध्ये केटी विन हिच्याशी त्याचा विवाह झाला. पतीची पत्रे वाचणे, त्यांची उत्तरे लिहिणे आणि चाहत्यांसाठी त्याच्या नावाने सह्या करणे ही कामे तिच्याकडे आली. स्वतः सही करणे अपरिहार्य होई तेव्हा जॅक्सन आपल्या नावाची अक्षरे, चित्र रेखाटावे तशी, सावकाश कागदावर उतरवीत असे.

यातून जॅक्सनच्या नावाच्या दोन प्रकारच्या सह्या निर्माण झाल्या. सफाईदार वळणाची सही बहुधा केटीची असते. अवघडलेली, तुटक अक्षरांची सही जॅक्सनच्या हातची असण्याचा संभव अधिक. परंतु तोतया लेखकाचा हातही असाच अवघडतो. तेव्हा केवळ अक्षरवळणावरून निर्णय देणे धोक्याचे ठरते. करारपत्रे, मृत्युपत्र यांसारख्या ज्यांच्या उत्पत्तीविषयी शंका नाही अशा कागदांवरील सह्यांशी ताडून पाहणे, आणि वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली ही परंपरा तपासणे, हे दोनच मार्ग उरतात. चेंडूवरील सहीच्या बाबतीत आणखी एक साधन उपलब्ध असते. अमेरिकन लीगच्या अधिकृत चेंडूवर तत्कालीन अध्यक्षाचे नाव छापलेले असे : १९२७ पर्यंत बॅन जॉन्सन, १९३१ पर्यंत अर्नेस्ट बर्नार्ड, त्यानंतर १९५९ पर्यंत विल्यम हॅरिज आणि पुढे जो क्रोनिन. जॅक्सन १९५१ च्या डिसेंबरात वारला. त्यामुळे क्रोनिनचे नाव असलेल्या चेंडूवरील त्याची सही अस्सल असणे शक्यच नाही. सोबतच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवणेही इष्ट नव्हे. १९९० नंतरच्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने केलेल्या चौकशीत सह्यांप्रमाणे प्रमाणपत्रेही बनावट असल्याचे आढळून आले.

मराठी दस्तऐवजांच्या अभ्यासकास या प्रश्नाचे स्वरूप अपरिचित वाटणार नाही. जुन्या कागदांत निरक्षर कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' येते, आणि लिहिणारा 'दस्तुर' म्हणून आपले नाव नोंदवितो. संमती कोणाची व हात कोणाचा, हे तेथे कागदच सांगतो. केटीने पतीचे नाव लिहिताना असा निर्देश केला नाही. तिची सही म्हणून लबाडी ठरत नाही. ती संमतीने केलेली, पण हात न सांगणारी सही होय.

हा भेद जॅक्सनच्या आयुष्यात किती महागात पडला हे १९२० च्या करारावरून दिसते. त्या वर्षाच्या प्रारंभी शिकागो व्हाइट सॉक्स संघाचा सचिव हॅरी ग्रॅबिनर याने त्याच्याशी वार्षिक ८,००० डॉलरांचा तीन वर्षांचा करार केला. दहा दिवसांच्या सूचनेने खेळाडूस दूर करण्याचा अधिकार संघास देणारे कलम त्यात होते. ते कलम नाही असे आपणास सांगण्यात आले, आणि केटीने करार वाचण्यापूर्वीच आपण सही केली, असे जॅक्सनचे म्हणणे होते. १९१९ ची जागतिक मालिका पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून संघाने त्यास दूर केले. १९२१ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले. तरी दुसऱ्याच दिवशी आयुक्त लँडिस यांनी त्यांच्यावर कायमची बंदी घातली. ती बंदी २०२५ च्या मे महिन्यात, मृत्यूनंतर त्र्याहत्तर वर्षांनी, संपुष्टात आली. थकलेल्या वेतनासाठी जॅक्सनने मिलवॉकी येथे लावलेल्या दाव्यात १९२४ मध्ये ज्यूरीने त्यास १६,७११ डॉलर देवविले. परंतु त्याची साक्ष १९२० मधील ग्रँड ज्यूरीपुढील जबानीशी विसंगत असल्याने न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द केला. करारावरील सही अस्सल होती. वाद होता तो सहीमागील ज्ञानाविषयी.

ज्या सहीने त्याचे हित राखले नाही, तिचे बाजारातील मोल मात्र वाढत गेले. १९९० मध्ये त्याच्या सहीचे एक कात्रण २३,१०० डॉलरांना विकले गेले. १९११ मध्ये फ्रँक स्मिथ या छायाचित्रकाराने काढलेल्या आणि जॅक्सनने सही केलेल्या छायाचित्रास २०२१ च्या लिलावात सुमारे १४ लाख ७० हजार डॉलर मिळाले. त्याच्या मृत्युपत्राचा मूळ कागदही या ओढीतून सुटला नाही. केटीच्या वारसदार असलेल्या दोन धर्मादाय संस्थांनी त्यावर हक्क सांगितला. दक्षिण कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सार्वजनिक अभिलेख असल्याचे ठरवून त्यांची मागणी फेटाळली.

हा निर्णय इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा होय. मृत्युपत्रावरील सही दप्तरात राहिली म्हणूनच इतर सह्या तिच्याशी ताडून पाहता येतात. ती कापून विकली असती तर एका संग्राहकास अमूल्य वस्तू लाभली असती, परंतु बाकीच्या सह्या पारखण्याचे एक साधन मात्र नष्ट झाले असते. सहीचे मोल दुर्मीळतेने वाढते हे खरे. तिचे प्रामाण्य मात्र ज्या कागदावर ती आहे त्या कागदाच्या अखंडतेवरच अवलंबून असते.