शपथ मोडल्यावर काय?

दारू सोडणं आणि ती सुटलेली राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचार घेऊन आलेला माणूस पुन्हा प्यायला, की आपण म्हणून मोकळे होतो, 'हा काही सुधारायचा नाही.' इतिहास या निवाड्याला दुजोरा देतो का, एवढंच आज पाहू.

१८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एकत्र येऊन दारू सोडण्याची शपथ घेतली. ही वॉशिंग्टोनियन चळवळ. पाठोपाठ हजारोंनी शपथा घेतल्या, त्याही जन्मभराच्या. पण अशी शपथ एकतर अखंड असते, नाहीतर मोडलेली; मधली अवस्थाच नाही. जॉन गफ हा त्या काळातला नामांकित वक्ता. १८४५ मध्ये तो पुन्हा प्यायला आणि त्याची जाहीर बेअब्रू झाली. तो मात्र सावरला आणि १८८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत दारूविरुद्ध बोलत राहिला. चळवळ तोवर केव्हाच ओसरली होती.

आता १९३५ मध्ये येऊ. स्वतः पाचच महिन्यांपूर्वी दारू सोडलेला बिल विल्सन ॲक्रन शहरात डॉक्टर बॉब स्मिथ यांना भेटला. डॉक्टरांनी दारू सोडली खरी, पण काही आठवड्यांतच वैद्यकीय अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे भरपूर प्यायले. परतल्यावर बिलने आणि डॉक्टरांच्या पत्नी ॲन यांनी त्यांना सांभाळलं. १० जून १९३५ नंतर, १९५० साली निधन होईपर्यंत, डॉक्टर प्यायले नाहीत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हीच तारीख आपला स्थापनादिन मानते. म्हणजे बघा, मोजणी पहिल्या भेटीपासून नाही, घसरून उठल्यापासून आहे! आणि जन्मभराच्या शपथेच्या जागी आलं, 'फक्त आजचा दिवस.'

आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे ॲरिस्टॉटलकडे वळतो. ज्याला पश्चात्ताप होतो तो बरा होऊ शकतो, असं त्याचं म्हणणं. १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी त्यापुढचा मुद्दा मांडला: एकदा पाय घसरणं वेगळं आणि पूर्ण व्यसनात परतणं वेगळं. पहिल्यातून दुसऱ्याकडे ढकलण्यात 'आता सगळंच संपलं' या विचाराचा मोठा हात असतो.

नेमका हाच विचार घरातले आपणही त्याच्या कानावर घालत असतो. पुन्हा पिणं क्षम्य आहे, असं आम्ही म्हणत नाही. त्यात जीवही जातो. पण 'शपथ का मोडलीस?' यापेक्षा 'त्या दिवशी कुठे होतास, कोणाबरोबर होतास, मनात काय चाललं होतं?' हे विचारावं, आणि त्याला लगेच पुन्हा उपचाराकडे न्यावं.