बाळाचा घास : खानदेशचा मागोवा

अन्नाचा इतिहास बहुधा राजे, सारा आणि दुष्काळ यांच्या अंगाने लिहिला जातो. घरातल्या तान्ह्या मुलाच्या वाटीत काय होते, हे त्यात क्वचितच सापडते. मंडळाच्या वर्धापनदिनी आज त्या वाटीकडे थोडे पाहू.

गरिबाघरच्या आईला मुलाला काय भरवावे हे कळत नाही, असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे पुरते खरे नाही. आपल्या जळगाव-धुळ्याकडची कळण्याची भाकरी घ्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून ती करतात. धान्यात जे उणे असते ते कडधान्य भरून काढते, हे आजचे आहारशास्त्र सांगते. आपल्या आजीपणजीने ते जात्यावर केव्हाच साधले होते. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांतही मका, ज्वारी, उडीद, मोहाची फुले आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या यांची जाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

मग मुले हडकुळी का राहिली? त्याचे एक उत्तर शेतात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास भुसावळवरून आगगाडी धावू लागली. कपाशीचा पेरा वाढला. नगदी पिकाने पैसा आला खरा, पण तो वर्षातून एकदाच येई आणि पुष्कळदा सावकाराच्या वहीतच जिरे. ज्याला जमीन नाही त्याला रोजच्या मजुरीवर दाणे विकत घ्यावे लागत. १८९९-१९०० च्या दुष्काळात अशांचीच घरे आधी उघडी पडली.

दुसरे उत्तर वेळेचे आहे. आई पहाटे निंदणीला किंवा वेचणीला जाते, तान्हे आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. सकाळी एक घास, मग एकदम रात्री. मुलाचे पोट मात्र मुठीएवढे. त्याला थोडे थोडे, पण वारंवार लागते. आणि काही समजुती खरोखरच चुकीच्या होत्या, तेही झाकून ठेवू नये. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकणे किंवा वर्ष होईपर्यंत डाळीच्या वरच्या पाण्यावर मुलाला ठेवणे, हे सधन घरांतही चालत असे.

१९७२ चा दुष्काळ पुष्कळ जणींना आठवत असेल. लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी यांनी तेव्हा असंख्य जीव तगवले. परंतु संकटकाळचा खाऊ तो. संकटाबरोबर आला आणि त्याबरोबरच सरला.

टिकणारी वाट दुसऱ्यांनी दाखवली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या आदिवासी वस्तीत गेले. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले. गावाने निवडलेल्या साध्या बायका, ज्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती, तिथे येऊन शिकत आणि आपल्या गावात शेजारणींना सांगत. सांगणारी आपल्यातलीच असल्यामुळे बोललेले पटत असे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यात आपल्या राज्यातील मेळघाटातले धारणी होते. पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतही अंगणवाडी पोहोचली.

तरी काम संपलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने उंचीने खुजी आढळली. ही उणीव बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतच पडते आणि मागाहून भरून निघणे कठीण असते. म्हणून या गोष्टी घरोघर ठाऊक हव्यात : जन्मल्यावर तासाभरात अंगावरचे दूध, सहा महिने तेवढेच, वर पाणीसुद्धा नाही, सहा महिने पुरे होताच दुधाबरोबर घट्ट वरण-भात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, त्यावर चमचाभर तेल, बरोबर पिकले केळे. आधी दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. रावेर-यावलची केळी देशभर जातात. ती पिकवणाऱ्या मजुराच्या मुलाच्या हातीही एक पडावे.

ही गोष्ट एकट्या आईच्या माथी मारून चालणार नाही. बाजारातून काय येणार, हे पुष्कळ घरी बापाच्या हाती असते. त्यालाही हे ठाऊक हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या बिऱ्हाडाबरोबर मूलही जाते. त्याच्या घासाची सोय मुक्कामावर व्हायला हवी.

आपल्या मंडळातील भगिनींनी वस्तीत जावे ते उपदेशाची पोथी घेऊन नव्हे. आधी त्या घरी डब्यात काय आहे ते विचारावे, आणि त्यातूनच बाळाची वाटी कशी भरेल ते दोघींनी मिळून पाहावे. शिकवण्याइतके शिकण्यासारखेही तिथे आहे, हाच या मागोव्याचा बोध.