ब्रिटनमधील भारतीय कुटुंबे व ब्रिटिश नागरिकत्व

युनायटेड किंग्डममध्ये स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांना ब्रिटिश नागरिकत्व प्रामुख्याने १९८१ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानुसार मिळते. हा कायदा १ जानेवारी १९८३ रोजी अमलात आला. कुटुंब एकत्र राहत असले तरी या कायद्यात 'कौटुंबिक अर्ज' असा प्रकार नाही. प्रत्येक सदस्याचा अर्ज, पात्रता आणि शुल्क स्वतंत्र असते. त्यामुळे कोणी आधी आणि कोणी नंतर अर्ज करावा, हा प्रश्न कायद्याचा तसाच कौटुंबिक अर्थकारणाचाही असतो.

पार्श्वभूमी

ब्रिटनमधील मराठी वस्ती जुनी असून लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन झाले. १९४८ च्या कायद्यानुसार राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये एक वर्ष वास्तव्य केल्यावर नोंदणीने नागरिकत्व मिळवता येत असे. १९६२ च्या कायद्याने ही मुदत पाच वर्षे केली. १९८१ च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये जन्मलेले प्रत्येक मूल जन्मतः नागरिक ठरत नाही. त्यासाठी जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात किंवा त्यांना कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क असावा लागतो.

पात्रता

प्रौढ व्यक्ती 'नॅचरलायझेशन' म्हणजे स्वीकृतीने नागरिकत्व मिळवते. त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांचे वास्तव्य लागते. या काळात देशाबाहेरील दिवस ४५० पेक्षा आणि शेवटच्या वर्षात ९० पेक्षा अधिक नसावेत, असा नियम आहे. कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी मिळाल्यानंतर बारा महिने थांबावे लागते. ब्रिटिश नागरिकाच्या पती किंवा पत्नीला तीन वर्षांचे वास्तव्य पुरते व बारा महिन्यांची अट लागू होत नाही. १८ ते ६४ वयाच्या अर्जदारांना इंग्रजीचे ज्ञान सिद्ध करावे लागते आणि 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

मुलांना नोंदणीने नागरिकत्व मिळते. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या पालकांपैकी एकास नंतर कायम वास्तव्याचा हक्क मिळाला, तर १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी त्या मुलाला हक्काने नोंदणी करता येते. जन्मापासून पहिली दहा वर्षे ब्रिटनमध्येच वाढलेल्या मुलाला हा हक्क पालकांच्या स्थितीवर अवलंबून न राहता मिळतो. भारतात जन्मून पालकांसोबत आलेल्या मुलाची नोंदणी मात्र गृहमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारात येते. अशा वेळी पालकांपैकी एक नागरिक असणे वा होत असणे आणि दुसऱ्यास कायम वास्तव्याचा हक्क असणे सामान्यतः अपेक्षित असते.

शुल्क व खर्चाचे नियोजन

एप्रिल २०२५ मधील दरांनुसार प्रौढाच्या अर्जाचे शुल्क समारंभाच्या १३० पौंडांसह १,७३५ पौंड, तर मुलाच्या नोंदणीचे १,२१४ पौंड होते. म्हणजे दोन प्रौढ व दोन मुले असलेल्या कुटुंबाचा खर्च ५,८९८ पौंड होतो. एकत्र अर्ज केल्यास सवलत नसते. अर्ज नामंजूर झाल्यास समारंभाची रक्कम वगळता शुल्क परत मिळत नाही. म्हणून अनेकदा एक पालक व मुले यांचे अर्ज आधी करून दुसऱ्या पालकाचा अर्ज पुढे ढकलला जातो. त्यामुळे खर्च कमी होत नाही, पण विभागला जातो. मूल १८ वर्षांचे होण्याच्या बेतात असल्यास त्याच्या अर्जास प्राधान्य द्यावे लागते.

न्यायालयीन वाद

२०१९ मध्ये मुलांच्या नोंदणीचे शुल्क १,०१२ पौंड होते, तर प्रशासकीय खर्च ३७२ पौंड इतकाच होता. मुलांचे हित विचारात न घेता हे शुल्क ठरवले गेल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला आणि अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो कायम ठेवला. खर्चापेक्षा अधिक शुल्क आकारण्याचा अधिकार संसदेने सरकारला दिलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केले. मात्र १६ जून २०२२ पासून, शुल्क परवडत नसल्याचे दाखवता आल्यास मुलांना माफी मिळू लागली. प्रौढांना अशी माफी नाही.

भारतीय नागरिकत्वावरील परिणाम

भारतीय राज्यघटनेचे कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते व पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर 'ओसीआय' नोंदणी करता येते. ओसीआयधारकास भारतात मतदानाचा अधिकार नसतो. त्याला शेतजमीन खरेदी करता येत नाही, परंतु ती वारसाहक्काने मिळू शकते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर यांसारख्या ग्रामीण तालुक्यांत वडिलोपार्जित शेती असलेल्या कुटुंबांसाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.