तीन कायदे, एक खोली : बेळगावच्या लहान घरमालकाचा इतिहास

जुन्या वाड्यांबद्दल लिहिताना आपण कमानी, तुळया, कोरीव खांब यांची नोंद घेतो. मागच्या सोप्यात भाड्याने कोण राहत होतं आणि महिन्याला काय देत होतं, ही नोंद मात्र सहसा राहून जाते. खरं तर वाडा टिकला की पडला, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

लहान घरमालक म्हणजे कुणी सावकार नव्हे. पेन्शनीला जोड म्हणून परसात दोन खोल्या काढणारा शिक्षक किंवा कारकून, नवऱ्यामागे पुढची खोली भाड्याने देणारी विधवा, अशी ही माणसं. त्यांचे प्रश्न तेव्हाही तीनच होते, आजही तेच आहेत : भाडं किती घ्यायचं, दुरुस्ती कुणी करायची आणि गरज पडली तर खोली परत मिळेल का?

दुसऱ्या महायुद्धात घरटंचाई वाढली. मुंबई सरकारने १९३९ आणि १९४४ साली भाडेनियंत्रणाचे कायदे केले, आणि मग आला १९४७ चा प्रसिद्ध ‘बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट’. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, तेच साधारणपणे ‘प्रमाण भाडं’ ठरलं. पागडी घेणं गुन्हा झाला. स्वतःच्या गरजेसाठी खोली मागता येई, पण जास्त हाल कुणाचे होतील, मालकाचे की भाडेकरूचे, हे कोर्ट तोलून बघे.

इथे बेळगावची एक गंमत सांगायला हवी. शहराला चिकटून असलेलं शहापूर मार्च १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. म्हणजे गाव एकच, पण मुंबई सरकारचा कायदा शहापूरच्या हद्दीवर थांबत होता. संस्थान विलीन झालं, तेव्हा ती रेघ पुसली.

आता गणित बघा. समजा, १९४० साली खोलीचं भाडं ५ रुपये होतं. वर्षाचे झाले ६०, आणि २५ वर्षांचे १५००. यातूनच घरपट्टी भरायची, पावसाळ्याआधी कौलं परतायची, कुजलेले वासे बदलायचे. लाकूड, चुना, मजुरी सगळं महागलं, भाडं मात्र जागच्या जागी. मग मालक दुरुस्ती टाळू लागतो, पाणी भिंतीत उतरतं. मातीची भिंत एकदा भिजत राहिली की वाड्याचे दिवस भरले, हे मी इंजिनिअर म्हणून सांगतो.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. शहापूर-वडगावच्या विणकराच्या घरातच हातमाग असायचा. भाड्याची खोली सुटली तर छप्पर आणि पोट, दोन्ही एका दिवसात जायचं. कायद्याने अशा माणसाला आधार दिला, हे विसरून चालणार नाही. माझ्या मते चूक संरक्षण देण्यात नव्हती. बदलत्या खर्चाचा हिशेब न ठेवण्यात होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि १९६१ साली नवा म्हैसूर कायदा आला. आता खोली रिकामी झाली की मालकाने कंट्रोलरला कळवायचं, आणि ती कुणाला द्यायची हे कंट्रोलर ठरवू शकत होता. आपल्याच खोलीचा भाडेकरू दुसऱ्याने निवडायचा, ही लहान मालकाला मोठीच धास्ती.

तिकडे महाराष्ट्रात १९९७ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की १९४० च्या पातळीवर गोठलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. पुढे तिथल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. बेळगाव तोवर त्या कायद्यातून केव्हाच बाहेर पडलेलं. इथे लागू झाला तो १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा, ३१ डिसेंबर २००१ पासून. त्यात भाग बघून महिना ३५०० किंवा २००० रुपयांवरचं भाडं नियंत्रणाबाहेर गेलं. नव्या भाड्यांना मोकळीक मिळाली, पण जुनी, कमी भाड्याची घरं मात्र नियंत्रणातच राहिली.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात जुन्या भाडेपावत्या, भाडेचिठ्ठ्या, घरपट्टीची बिलं, कोर्टाच्या नोटिसा असतील तर रद्दीत टाकू नका. मालकाकडच्या असोत की भाडेकरूकडच्या, दोन्ही हव्यात. पावतीवर तारीख, रक्कम आणि गल्लीचं नाव एवढं असलं तरी पुरे. शहराचा खरा जमाखर्च त्यातच आहे.