कृतज्ञतेची ओवी (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

जात्यावर दळताना स्त्रिया गात असलेल्या लोकओव्यांपैकी, लाभलेल्या आयुष्याबद्दल समाधान आणि ऋणभाव व्यक्त करणाऱ्या ओव्या. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या परिसरातील मराठी घरांत ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली. या ओव्यांची कर्ती एकच नसते. ऐकलेल्या ओवीत गाणारी आपल्या घरची माणसे आणि आपला अनुभव घालते, त्यामुळे ती ओवी तिचीच होते.

दळण पहाटे, घर जागे होण्यापूर्वी होई. या भागातील मुख्य धान्य जोंधळा. एका हाताने खुंटा फिरवत, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे वैरत बाई ओवी म्हणे. समोर जोडीदारीण असल्यास ती ओळ उचलून धरी. ओवी आटोपशीर, यमकबद्ध असते आणि तिची चाल जात्याच्या फेऱ्याला धरून संथ राहते. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथांतील ओवी वाचनासाठी आणि निरूपणासाठी आहे. जात्यावरची ओवी श्रमाबरोबर गाण्यासाठी आहे.

आरंभीच्या ओव्या क्रमाने देवांना वाहण्याची रीत आहे. जात्यालाही ईश्वर मानून हाक मारली जाते. पुढे सूर्यनारायण, तुळस, पंढरीचा विठ्ठल आणि या मुलखातील भाविकांची वाडी रत्नागिरीचा जोतिबा, सौंदत्तीची यल्लम्मा ही दैवते येतात. त्यानंतर माणसांचे ऋण मांडले जाते : जन्म देणारे आईबाप, सणाला माहेरी नेणारा भाऊ, कुंकवाचा धनी, लेकरे, सुखदुःख ऐकणारी शेजारीण. भरलेली कणगी, दारचा बैल आणि अंगणातील झाड यांचेही उपकार त्यांत मानलेले असतात.

या कृतज्ञतेत दुःख लपवलेले नसते. सासुरवास, माहेरची ओढ, दारिद्र्य आणि अपत्यवियोग यांच्या ओव्या त्याच बैठकीत, त्याच चालीवर गायल्या जातात. कष्टांचा उच्चार करूनही गाणारी मिळालेल्या माणसांची नावे घेते, म्हणून तिच्या समाधानाला खरेपणा येतो. ही ओवी नशिबापुढे मान तुकवणारी नसून स्वतःच्या आयुष्याचे मोल स्वतः ठरवणारी आहे.

ओवीगायनाचा जुना लेखी उल्लेख कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या 12व्या शतकातील संस्कृत ग्रंथात आढळतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात म्हटले आहे. कन्नड भाषेतही दळणाच्या गीतांची समृद्ध परंपरा असून तिचा प्रमुख छंद तीन चरणांची त्रिपदी हा आहे. विजयपूर जिल्ह्यातील हलसंगीच्या साहित्यिकांनी अशा गीतांचा ‘गरतिय हाडु’ हा संग्रह 1931 मध्ये प्रसिद्ध केला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव आणि निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली व सीमावाद सुरू झाला. मात्र मराठी ओवी आणि कन्नड त्रिपदी यांतील माहेर, भाऊ, धान्य आणि देव हे विषय समानच राहिले.

मराठी ओव्यांच्या संकलनात साने गुरुजींचा ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह आणि सरोजिनी बाबर यांचे लोकसाहित्यविषयक कार्य महत्त्वाचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून उभारलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहस्थळ 2017 पासून या ओव्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध करत आहे.

विजेच्या गिरण्या आल्यावर रोजचे दळण घराबाहेर गेले आणि ओवीचा नित्याचा प्रसंग संपला. आता ती प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे. लग्नघरी जाते पुजून हळद दळण्याचा विधी जिथे पाळला जातो, तिथे ती अजूनही गायली जाते.